हातमोजे घालूनही हात फाटतात? आधी मोजा उलटा करून बघा

फरशीच्या कामावर दर मोसमात ही तक्रार येतेच. "मालक, मोजे घालायलो तरी सिमेंटनं हात खाल्लेच बघा." बोटांच्या टोकांना सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं, पेरांवर भेगा, मनगटाला लाल पट्टा. रात्री भाकरी कालवणात बुडवली की तिखट असं झोंबतं की माणूस चमचा मागतो. दोन दिवस घरी बसलं की बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी कामावर आलं की परत तेच.

मी लातूर भागात फरशीचं काम घेतो. आधी बिगारी होतो, मग मिस्त्री झालो, आता ठेका घेतो, पण हातातली करणी अजून सुटलेली नाही. माझे स्वतःचे हात पहिली दहा वर्षं असेच होते आणि मला ते दुखणं वाटतच नव्हतं. गवंड्याचा हात खरखरीतच असायचा, त्यात काय! पुढं अक्कल आली, मोजे आणले, सगळ्यांना वाटले. तरीही एका दुमजली घराच्या कामावर चौघांपैकी तिघांचे हात फाटले, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मोज्यांनाच शिव्या घातल्या. जेवणाच्या सुट्टीत कठड्यावर टाकलेला एक मोजा उचलला आणि रागानं उलटा केला. आत सिमेंटचा राखाडी थर होता, वाळून पापडी धरलेला. मोजा बाहेरून धुतलेला आणि आतून लिंपलेला!

खाली लिहिलंय ते सगळं त्या दिवसापासून पुढचं. मी डॉक्टर नाही. औषधाचं जे लिहिलंय ते त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढंच आहे.

चुना आणि गाल

आपल्याकडं तंबाखू खाणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. डबीतला चुना बोटभर जास्त झाला की गालाच्या आतलं कातडं सोलून निघतं. सिमेंटात पाणी पडलं की तोच चुना सुटतो. आम्ल-अल्क मोजायची पट्टी ० ते १४ अशी असते. शुद्ध पाणी ७ वर, धडधाकट माणसाची कातडी ५ च्या आसपास आणि ओलं सिमेंट १२ ते १३ वर. या पट्टीवर एक घर चढलं की जोर दहापट वाढतो, म्हणजे कातडी आणि सिमेंट यांच्यात किती अंतर पडलं ते बघा.

सिमेंटच्या पाण्यात बोटं बुळबुळीत लागतात ना? कातडीवरच्या तेलाचा तिथल्या तिथं साबण होत असतो. तेल गेलं की कातडी कोरडी पडते, मग चिरते, आणि चिरेतून चुना आत शिरतो. वाईट हे की तो जाळत असताना दुखत नाही. ॲसिड लागलं की माणूस ओरडतो. सिमेंट चार-सहा तास गुपचूप काम करतं आणि संध्याकाळी अंघोळीला बसलं की कळतं.

टाइल चिकटवायच्या पोत्याला आपल्याकडं नुसतं "केमिकल" म्हणतात आणि बरेच जण ते सिमेंटापेक्षा सौम्य समजतात. कारण काय, तर पोतं रंगीत आणि वास येत नाही. पाण्यात कालवायच्या त्या पावडरीतही सिमेंटच असतं, वर थोडं पॉलिमर. व्हाइट सिमेंटचंही तेच. रंग पांढरा, चुना तेवढाच.

आता हे सगळं मोज्याच्या आत गेलं तर? उघड्या हातावरचं सिमेंट निदान वाळतं, झडतं, पुसलं तरी जातं. मोज्यात घाम आहे, ऊब आहे, वारा नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशीला टेकला की मोज्यातून पाणी ओघळतं, आणि त्या घामात आतलं सिमेंट दिवसभर ओलंच राहतं. आतून घाण झालेला मोजा घालण्यापेक्षा उघडा हात बरा, असं मी सरळ सांगतो. अर्थात मोजे फेकून द्या असं मी म्हणत नाही.

आत सिमेंट जातं कधी

एक दिवस मी मुद्दाम बसून मोजलं. एका मिस्त्रीनं सकाळी नऊ ते एक या वेळात अकरा वेळा मोजा काढला. पाच वेळा फोनसाठी, तीन वेळा तंबाखू मळायला, एकदा पाणी प्यायला, एकदा लघवीला आणि एकदा पेन्सिलीनं खूण करायला. दर वेळी त्यानं ओल्या मोज्याची बोटं दुसऱ्या हातानं ओढून काढली. म्हणजे मोज्यावरचं सिमेंट उघड्या हातावर आलं. मग तो हात तसाच परत मोज्यात. अकरा खेपा आणि दर खेपेला चिमूटभर माल आत.

त्यात तंबाखू मळायची तळहातावरच. तेच सिमेंट गालात.

म्हणून आमच्या कामावर आता क्रम ठरलेला आहे. मोजा हातात असतानाच बाहेरून धुवायचा. मग काढायचा, उलटा न होऊ देता. मग हात धुवायचा, पुसून कोरडा करायचा. घालायची वेळ आली की कोरडा हात कोरड्या मोज्यात. एवढंच आहे, पण पहिला आठवडा सगळे कुरकुरतात. फोनचा प्रश्न मी असा सोडवला की एका पोराच्या फोनवर सगळ्यांचे निरोप येतात, आणि तो पोरगा मालाला हात लावत नाही. तंबाखूचं मात्र माझ्याच्यानं झालं नाही. फक्त चहाच्या सुट्टीत, हात धुऊन, एवढ्यावर तडजोड झाली.

हळद लावून बघा

मोजा आतून स्वच्छ आहे का, हात नीट धुतला गेला का, हे डोळ्यानं कळत नाही. चुन्याचं पाणी स्वच्छच दिसतं. त्यासाठी कामावर मी हळदीची पुडी ठेवतो. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे आपल्या आजीला ठाऊक होतं, तीच ही परीक्षा. पांढरी चिंधी साध्या पाण्यात भिजवून पिळा, मोज्याच्या आतून फिरवा आणि तिच्यावर चिमूटभर हळद चोळा. पिवळी राहिली तर मोजा घाला. विटकरी-लाल झाली तर आत सिमेंट आहे.

हात धुतलेल्या शेवटच्या पाण्यावरही हे चालतं. पण दोन गोष्टी सांभाळा. एक, साबणाचं पाणी तपासू नका, साबणानंही हळद लाल होते. शर्टावरचा वरणाचा डाग धुताना लाल होतो तो उगाच नाही. दुसरं, आपल्या बोअरचं पाणी जड असतं, म्हणून आधी नुसत्या पाण्यावर हळद टाकून तिचा रंग बघून ठेवा आणि मग त्याच्याशी ताडा.

पहिल्या दिवशी मी ही परीक्षा सगळ्यांसमोर केली. आठ मोज्यांपैकी सात लाल निघाले. आठवा नवाकोरा होता. वसमतच्या बाजूचा एक बिगारी होता, घरी हळदीचं पीक घेणारा. तो म्हणाला, "आमी जलमभर हळद शिजवली, पर हिचा ह्यो उपेग कोनी सांगितला न्हाई."

दुखणं कुठं आहे त्यावरून कारण

हात समोर धरा आणि नीट बघा. जागा बघितली की बहुतेक वेळा कारण कळतं.

फक्त बोटांच्या टोकांना, त्यातही उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना भोकं असतील तर तुम्ही जॉइंट, म्हणजे दोन टाइलांमधली फट, बोटानं भरताय किंवा बोटानं पुसताय. मोजा असला तरी टाइलची कड आणि वाळूचा कण मिळून टोकाला आधी भोक पाडतात, तुम्हाला दिसायच्या आधी. मोज्यात पाणी भरून तोंड पिळा, चिळकांडी कुठून येते ते बघा. जॉइंट रबरी पट्टीनं भरा, स्पंजानं पुसा. बोट हे हत्यार नाही.

हाताची मागची बाजू आणि गाठी लाल, खवल्या-खवल्यांच्या झाल्या आहेत आणि तळवा मात्र बरा आहे? मग मोजा चुकीचा आहे. हार्डवेअरच्या दुकानात सगळ्यात जास्त खपतात ते विणलेले मोजे, तळव्याला रबराचा लेप आणि पाठीला नुसतं कापड. विटा उचलायला, टाइलची खोकी चढवायला ते उत्तम. ओल्या मालात घातले की पाठीचं कापड सिमेंटचं पाणी पितं आणि पोटिसासारखं चिकटून बसतं. आमच्या त्या दुमजली घरावर निम्मा घोळ या मोज्यांनीच केला होता आणि ते मीच आणले होते, स्वस्त म्हणून.

मनगटाला गोल पट्टा उठला असेल तर तिथं काय बांधलंय ते बघा. घड्याळाचा पट्टा, कडं, बांगड्या आणि सगळ्यात वाईट म्हणजे देवाचा धागा. सुती धागा सिमेंटचं पाणी शोषून घेतो आणि दिवसरात्र मनगटावर धरून ठेवतो. एका पोरानं धागा सोडायला साफ नकार दिला. माझ्या बायकोनं त्याला दंडावर बांधायला सांगितलं. काम झालं. अंगठीखालीही असंच साचतं. भिंतीला टाइल लावताना हात वर असतो, तेव्हा माल ओघळून मोज्याच्या तोंडातून आत जातो आणि कोपरापर्यंत रेघ उठते. मोज्याचं तोंड दोन बोटं बाहेर दुमडा, म्हणजे पन्हाळीसारखं अडतं.

बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, मऊ, कुजल्यासारखी झाली असेल तर तो घाम. पायाला चिखल्या होतात तशाच. मोजा बदलायला पाहिजे, हात वाळायला पाहिजे.

आता काही दुखणी सिमेंटची नसतातच. बेचक्यात रात्री जास्त खाज, घरच्यांनाही खाज, तर ती खरूज असू शकते. एकाच तळव्याची कातडी कोरडी होऊन सोलते, दुसरा हात ठणठणीत, आणि दोन्ही तळपायांना तसंच, तर ती बुरशी असू शकते. अशा वेळी मोजे बदलत बसू नका, डॉक्टरला हात दाखवा.

पाण्याचं गणित

पुस्तकात लिहितात, हात वारंवार वाहत्या पाण्यानं धुवा. ज्यानं लिहिलं त्यानं उन्हाळ्यात औसा-निलंग्याकडं एखादी साइट बघितली नसावी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्या वर्षी आम्ही हात धुवायचो ते टाइल भिजवायच्या टबात. चौघांचे हात, थापी, करणी, स्पंज, सगळं त्याच टबात. संध्याकाळपर्यंत ते पाणी म्हणजे पातळ चुना. त्यात हात बुडवणं म्हणजे धुणं नव्हे, ते मुरवणं झालं. सवय अशी लागली की पाऊस चांगला झाला तरी टब सुटला नाही.

हात बुडवायचा नाही, हातावर ओतायचं, एवढी एक गोष्ट धरली तर पाणी उलट कमी लागतं. पाच लिटरचा तोटीचा कॅन घ्या, परांचीला लोखंडी पट्टीनं किंवा तारेनं अडकवा. एका वेळेला अर्धा लिटर बारीक धार पुरते. दिवसात सहा वेळा धुतले तरी माणशी तीन लिटर. चार माणसांना बारा लिटर, म्हणजे जारसुद्धा पुरा लागत नाही. मालकीणबाईंकडं एवढं मागायला लाज वाटायचं कारण नाही, आणि मी ते काम ठरवतानाच मागून घेतो. हातावरून पडलेलं बिनसाबणाचं पाणी घमेल्यात धरा, ते माल कालवायला चालतं.

साबण कपड्याचा नको. कपडे धुवायची वडी आणि पावडर स्वतःच अल्क असतात, म्हणजे चुन्यावर चुना. त्यात आमच्याकडं वाळू घेऊन हात घासायची पद्धत. हात निघतो स्वच्छ, पण कातडीसकट. अंगाचा सौम्य द्रव साबण थेंबभर बास होतो.

मोजा कोणता

ओल्या मालासाठी पूर्ण रबरी, पाठीलाही रबर असलेला, नायट्राइलचा किंवा पीव्हीसीचा, मनगटाच्या वर चार-सहा बोटं येणारा. भांडी घासायच्या मोज्याहून थोडा जाड. माल कालवणाऱ्याला कोपरापर्यंतचा द्या. माप बरोबर पाहिजे. ढिला मोजा बोटात गोळा होतो आणि मिस्त्री तो अर्ध्या तासात फेकून देतो, मग माझ्याकडं येऊन सांगतो, "टाइल हाताला कळंना गेली."

ही तक्रार मात्र खरी आहे. दोन टाइलांच्या कडा एका पातळीत आहेत का हे मिस्त्री बोटाच्या स्पर्शानं ओळखतो. मी त्यासाठी खिशात रुपयाचं नाणं ठेवतो. नाणं आडवं धरून जॉइंटवरून सरकवलं की केसाएवढी चढ असली तरी अडकतं. जुन्या मिस्त्र्यांना आधी हसू आलं, आता दोघांच्या खिशात नाणं आहे.

माणशी दोन जोड ठेवा. एक हातात, एक सावलीत उलटा टांगलेला. जेवणानंतर बदला. आत पातळ सुती मोजा घातला तर घाम टिपला जातो, पण तोही ओला झाला की बदलायचा. दोन बाय चारच्या एका बऱ्या टाइलला जेवढे पैसे पडतात त्यात दोन जोड येतात, आणि एवढ्या कामात फुटतात त्या टाइला मी मोजत बसत नाही. बांधकाम कामगार मंडळाच्या सुरक्षा संचात मोजे मिळाले असतील तर ते आधी पाण्यात बुडवून बघा. पाणी आत आलं तर ते कोरड्या कामाचे.

ग्राइंडर चालवताना ढिला, सुती, लोंबता मोजा अजिबात नको. चकतीत धागा अडकला की बोट ओढलं जातं. तिथं मशीन, कान, डोळे, नाक यांचं संरक्षण वेगळं, आणि त्यावर एक अख्खा लेख होईल.

इपॉक्सी आणि ॲसिड

बाथरूमचे जॉइंट हल्ली इपॉक्सीनं, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून होणाऱ्या मालानं, भरून मागतात. हे सिमेंटापेक्षा वेगळं जनावर आहे. सिमेंट कातडी जाळतं, इपॉक्सीचं रेझिन आणि हार्डनर अंगाला ओळख करून घेतात. एकदा अंगानं त्याचा राग धरला की तो बहुधा जन्माचा. मग हाताला लागलं नाही तरी पापण्या सुजतात. इथं साधा लेटेक्सचा पांढरा मोजा कामाचा नाही. नायट्राइलचे पातळ मोजे, शंभराचं खोकं येतं ते, एकावर एक दोन घाला. वरचा माखला की लगेच फेका, धुऊन परत वापरू नका. आणि हाताला लागलंच तर थिनरनं किंवा पेट्रोलनं पुसू नका. थिनर रेझिनला पातळ करून कातडीच्या आत सोडतो. आधी कोरड्या कापडानं पुसा, मग साबण-पाणी.

काम झाल्यावर जॉइंटवरचा पांढरा फेस काढायला ॲसिड टाकतात. ते पाण्यात ओतायचं, त्यात पाणी ओतायचं नाही. आणि ज्या संडास-बाथरूममध्ये आधी ब्लीचिंग टाकलंय तिथं तर बाटली उघडूच नका, क्लोरीन वायू सुटतो.

रात्रीचं

घरी गेल्यावर हात कोमट पाण्यानं धुऊन अर्धवट ओले असतानाच जाड थरात पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल चोळा आणि जुने सुती मोजे घालून झोपा. आठवड्यात फरक दिसतो. सकाळी कामाआधी तेल लावून जाणारे बरेच आहेत, "तेल लावलं की सिमेंट लागत न्हाई" म्हणून. तेलानं सिमेंट अडत नाही, आणि तेलकट हात मोज्यात घसरतो तो वेगळाच. दुकानात मिळणारी संरक्षक क्रीमही मोज्याची जागा घेऊ शकत नाहीत.

लिंबू चोळायची युक्ती तर सोडाच. फाटक्या हाताला लिंबू झोंबतं, आणि लिंबाचा रस लावून उन्हात बसलं तर काळे डाग, फोड उठतात. रॉकेलही नको.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबनं होतं. खाज, बुरशी, जंतू सगळ्यावर एकच, अशी जी मलमं असतात त्यांत बहुधा स्टेरॉइड असतं. चार दिवस जादू होते, मग कातडी पातळ पडते, आणि खाली बुरशी असेल तर ती पसरते. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम केंद्रानं २०१८ साली केलेला आहे. मागणारे आपणच.

भाजलं तर थांबू नका

ओल्या मालावर गुडघे टेकून दोन-तीन तास काम केलं, पँट भिजली, संध्याकाळी गुडघा लाल-काळा पडला, तर ते खरचटणं नाही, ते भाजणं आहे. भिजलेला कपडा, बूट, मोजा तिथल्या तिथं काढा. कोरडी पावडर असेल तर आधी झटका, मग वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटं धरा. इथं पाण्याची काटकसर करायची नाही, टँकर रिकामा झाला तरी चालेल. व्हिनेगर, लिंबू, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. डोळ्यात गेलं असेल तर पापणी उघडी धरून धुवत राहा आणि दवाखान्याला गाडी काढायला दुसऱ्याला सांगा. दुखत नाही म्हणून घरी जाऊ नका. दुखायला उशीर लागतो हे वर सांगितलंच आहे.

हे सगळं केलं तरी जात नाही तेव्हा

आमच्याकडं एकाचं तसं झालं. मोजे बरोबर, आतून हळद पिवळी, टब बंद, तरी त्याचे हात सुजायचे. बाकीच्यांचे हात दिवाळीच्या आठ दिवसांत भरून यायचे, याचे पंधरा दिवसांनीही खाजायचे. आणि कामावर आला की दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत पुरळ. जळजळ कमी, खाज जास्त. ही खूण ॲलर्जीची.

सिमेंटात क्रोमियम असतं, कच्च्या मालातून आणि भट्टीतून आलेलं. त्याचा पाण्यात विरघळणारा भाग कातडीत शिरतो आणि काही जणांचं अंग त्यावर उठतं. पाच-दहा वर्षं काही होत नाही आणि मग एकदम सुरू होतं, म्हणून माणसाला पटत नाही. "इतके दिस काई झालं न्हाई, आताच कामून?" युरोपात २००५ पासून किलोभर सिमेंटात असं क्रोमियम २ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. ते कमी करायला तिथं सिमेंटात हिराकस मिसळतात. व्हाइट सिमेंटात क्रोमियम मुळातच कमी.

त्याला मी अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात पाठवलं. लातूर, नांदेड, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, कुठंही त्वचारोग विभागात जा, पण नुसतं "खाज आहे" म्हणू नका. कोणता माल, किती वर्षं, कुठं आणि कधी उठतं, हे सांगा, फोनमध्ये फोटो काढून न्या. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवस पाठ भिजवायची नाही, मग काढून बघतात आणि एक-दोन दिवसांनी परत बघतात. याच्या पाठीवर क्रोमियमचा ठिपका उठला.

डॉक्टरांनी हात बघितले आणि मग पायाकडं बघितलं. पायावर चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचा काळपट डाग होता, आम्ही तो कधी मनावर घेतला नव्हता. चामडं कमावताना बहुधा क्रोमियमच वापरतात. जाड काम म्हणून मी त्याला दिलेले हातमोजेही चामड्याचेच होते.

आता तो ओल्या मालात हात घालत नाही. सकाळी येऊन दोरी मारतो, खोलीचा काटकोन काढतो, कुठून पूर्ण टाइल सुरू करायची आणि तुकडा कुठं लपवायचा ते ठरवतो, आणि ते त्याला माझ्यापेक्षा बरं जमतं. माल दुसरा कालवतो. पायात रबरी चप्पल आहे. मजुरी तीच ठेवली, त्यावरून बाकीचे दोघं महिनाभर माझ्याशी नीट बोलत नव्हते.